गर्भाशयमुखाचा कर्करोग : अर्बुदरोधक जनुके, जनुकोपचार आणि आपले कर्तव्य

गेल्या काही वर्षांत व्यवसायबंधूंच्या बैठकांतून, औषधांच्या माहितीपत्रकांतून आणि सुशिक्षित रुग्णांच्या तोंडूनही 'जीन' हा शब्द वारंवार कानी पडू लागला आहे. अमुक वनस्पती कर्करोगाचे जनुक दुरुस्त करते, तमुक कल्पाने पी-५३ जागृत होते, जनुकोपचार आल्यामुळे आता शस्त्रक्रिया व किरणोपचार मागे पडणार, अशी विधाने सहजपणे केली जातात. ती करणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांनाही पी-५३ म्हणजे नेमके काय हे ठाऊक असतेच असे नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने या विषयात कशासाठी शिरावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या देशातील स्त्रियांमध्ये विषाणूमुळे होणारा सर्वांत मोठा कर्करोग म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. २०२२ या एका वर्षात भारतात त्याचे सुमारे १ लक्ष २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यांपैकी खेड्यातील स्त्री कर्करोगतज्ज्ञापर्यंत पोहोचण्यापूर्वी बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी दारी आलेली असते, आणि 'अंगावरून पांढरे जाते' एवढेच सांगते. म्हणून हा विषय आपला आहे.

पेशींचे दोन राखणदार

प्रत्येक पेशीत वाढीला चालना देणारी जनुके असतात, तशीच वाढीला आवर घालणारीही असतात. या दुसऱ्या गटाला अर्बुदरोधक जनुके म्हणतात. त्यांतील दोन जनुकांची ओळख आपल्याला पुरेशी आहे. पहिले आरबी. लहान मुलांच्या नेत्रपटलात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदाचा अभ्यास करताना १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी असे मांडले की, जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच हे अर्बुद उद्भवते. पुढे १९८६ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. पेशीने विभाजनास प्रारंभ करावा की नाही, हे आरबीचे प्रथिन ठरविते.

दुसरे पी-५३. याचे प्रथिन १९७९ साली सापडले. आरंभी ते कर्करोगास साहाय्य करणारे मानले गेले होते. ते वस्तुतः अर्बुदरोधक आहे हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झाले. पेशीतील जनुकद्रव्यास इजा झाली की पी-५३ विभाजन थांबविते, दुरुस्तीस अवसर देते आणि दुरुस्ती होणे शक्य नसेल तर त्या पेशीस स्वतःचा अंत करावयास लावते. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत या जनुकात बिघाड आढळतो. आपल्याकडे खर्रा व तंबाखूमुळे होणाऱ्या मुखाच्या कर्करोगात तंबाखूतील द्रव्ये पी-५३ जनुकाचीच अक्षरे बिघडवितात. शेतीच्या भाषेत बोलावयाचे तर तेथे बियाणेच किडलेले असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र वेगळे घडते, आणि या लेखातील पुढील सर्व विवेचन त्या वेगळेपणावर उभे आहे.

विषाणूची युक्ती

मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, यांचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी बारा-चौदा प्रकार कर्करोगकारक आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ साली १६ क्रमांकाचा आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा विषाणू गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून वेगळा केला. या कार्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन प्रकारांमुळेच जगातील गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात.

या विषाणूजवळ ई-६ आणि ई-७ अशी दोन प्रथिने आहेत. ई-७ हे आरबीला पकडून निष्क्रिय करते, त्यामुळे पेशी थांबावयाचे विसरते. ई-६ हे पेशीतीलच एका प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ वर नाशाची खूण लावते आणि पेशीची स्वतःची कचरा-विल्हेवाट यंत्रणा ते पी-५३ नष्ट करून टाकते. येथे जनुक शाबूत असते, त्यापासून प्रथिनही तयार होत राहते. परंतु तयार होताच ते नाहीसे केले जाते. बियाणे चांगले आहे, उगवणही होत आहे, पण रोज वर आलेला अंकुर रोज खुडला जात आहे, अशी ही स्थिती होय.

ही केवळ कल्पना नाही. १९५१ साली अमेरिकेत एका रुग्णेच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून घेतलेल्या हेला नावाच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांत १८ क्रमांकाचा विषाणू असून पी-५३ जनुक मात्र निर्दोष आहे. २००० साली येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या पेशींत ई-६ व ई-७ यांना दाबणारे विषाणूचेच दुसरे जनुक सोडले. त्याबरोबर अर्धशतक अखंड वाढत आलेल्या त्या पेशींतील पी-५३ व आरबी पुन्हा कार्य करू लागले आणि पेशींची वाढ थांबली. विषाणूचा हात बाजूला केला तर इतक्या वर्षांनंतरही शरीराचे राखणदार कामावर परत येऊ शकतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

विषाणू आणि पी-५३ यांचे वैर अन्यत्रही दिसते. यकृताच्या कर्करोगात हिपॅटायटिस-बी विषाणूच्या जोडीला धान्यावरील बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आले की पी-५३ च्या २४९ क्रमांकाच्या ठरावीक जागी बिघाड होतो, असे १९९१ साली पूर्व चीन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांत आढळले. ही बुरशी दमट जागी साठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर जशी येते, तशी कच्च्या वनौषधींवरही येते. आयुर्वेदिक फार्माकोपियात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा घालून दिलेली आहे, ती याचसाठी. औषधनिर्मात्यांनी पावसाळ्यातील साठवणुकीकडे या दृष्टीने पाहावे.

जनुकोपचार : आज कोठे आहे?

पी-५३ नष्ट होत असेल तर बाहेरून नवे पी-५३ जनुक का घालू नये, हा विचार स्वाभाविक आहे. तसा प्रयत्न झालाही. निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोविषाणूच्या साह्याने पी-५३ जनुक अर्बुदात टोचण्याचे 'जेंडिसिन' नावाचे औषध चीनने ऑक्टोबर २००३ मध्ये मान्य केले. मान्यता मिळालेला तो जगातील पहिला जनुकोपचार. तो डोके व मानेच्या कर्करोगासाठी, प्रामुख्याने किरणोपचाराच्या जोडीने दिला गेला. त्याच धर्तीच्या 'ॲडव्हेक्सिन' या औषधाचा अर्ज अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये दाखल करून घेण्यास नकार दिला. जनुकोपचाराची वाट निर्धोकही नव्हती. १९९९ साली अमेरिकेत एका यकृतविकाराच्या प्रयोगात ॲडिनोविषाणू टोचल्यानंतर अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि त्या क्षेत्रातील काम कित्येक वर्षे मंदावले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर आणखी एक अडचण आहे. जेथे अंकुर खुडणारा ई-६ जागेवर बसलेला आहे, तेथे नवीन बियाणे पेरले तरी त्याचीही तीच गत होणार. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष ई-६ व ई-७ यांच्याकडे वळले आहे. त्यांना तयारच होऊ न देणारे जनुकीय उपाय प्रयोगशाळेत अभ्यासले जात आहेत. दुसरा मार्ग असा, की रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढावयाच्या, ई-७ ओळखणारे जनुक त्यांत घालावयाचे आणि त्या परत द्यावयाच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अशा प्रयोगात शरीरभर पसरलेल्या एचपीव्हीजन्य कर्करोगाच्या १२ रुग्णांपैकी ६ जणांचे अर्बुद लक्षणीय प्रमाणात आकसले. ही आशादायक गोष्ट आहे. परंतु बारा रुग्णांचा प्रयोग म्हणजे उपलब्ध चिकित्सा नव्हे.

आपल्या राज्यातही या विद्येची पायाभरणी झाली आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या 'नेक्सकार-१९' या टी-पेशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली. तो मात्र बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, गर्भाशयमुखासाठी नाही. हा भेद रुग्णाच्या नातेवाइकांना समजावून सांगणे हे आपले काम आहे. अन्यथा वर्तमानपत्रातील बातमीच्या भरवशावर ते हाती असलेला किरणोपचार सोडून देतात.

बार्शीचा धडा

जनुकोपचाराची वाट न पाहताही या रोगाला कसे गाठता येते, हे पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन केवळ लक्षणे समजावून सांगू लागले, एवढ्यानेही स्त्रिया रोगाच्या अलीकडच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या.

त्यानंतर १९९९ ते २००३ या काळात तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतून ३० ते ५९ वयाच्या १ लक्ष ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेण्यात आला. डॉ. शंकरनारायणन व त्यांचे बार्शी-मुंबईचे सहकारी यांनी स्त्रियांचे चार गट केले. एका गटास एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यास पेशीतपासणी म्हणजे पॅप चाचणी, तिसऱ्यास ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यास प्रचलित सेवा. दोष आढळलेल्या स्त्रियांवर लगेच उपचार झाले. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या काहीशा मोठ्या गटात ३४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, तेही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने. इतर दोन पद्धतींच्या एकाच फेरीने मृत्यूत ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटास चाचणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि त्या ६४ स्त्रियांचा विचार करता त्यांत तथ्य आहे. परंतु आज महाराष्ट्रातील बहुसंख्य ग्रामीण स्त्रिया त्या चौथ्या गटासारख्याच स्थितीत आहेत, हेही विसरता येत नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून केलेल्या कामाचा निष्कर्षही याला पूरक आहे. तेथे प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून ॲसिटिक आम्लाची पाहणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली; मृत्यूत ३१ टक्के घट झाली. म्हणजे साधी पाहणीही पुनःपुन्हा केल्यास फळ देते.

लसीच्या इतिहासातही बार्शीचे नाव आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि बार्शी हे ज्याचे एक केंद्र होते, त्या भारतीय लस-अभ्यासात मुलींना दोन वा तीन मात्रा द्यावयाच्या होत्या. २०१० मध्ये शासनाने लसीकरण थांबविल्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर एका मात्रेनेही १६ व १८ क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या माहितीचाही आधार होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लसीस मान्यता मिळाली.

क्रियाकालाची दृष्टी

या यशाचे मर्म काळात आहे. विषाणूचा संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांत तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात टिकतो त्यांच्यातही कर्करोग प्रकट होण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास पाच ते दहा. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितलेले संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद हे सहा क्रियाकाल आपण सर्वांनी पाठ केले आहेत. सुश्रुतांचे अर्बुदवर्णन किंवा चरकांच्या योनिव्यापदांपैकी एखादी व्यापद् म्हणजे हाच एचपीव्हीजन्य कर्करोग, असे समीकरण मांडण्याचा आमचा हेतू नाही; तसे मांडणे ग्रंथावरही अन्याय करणारे होईल. परंतु व्यक्तीपूर्वीच व्याधीला गाठणाऱ्यास यश सुलभ असते ही दृष्टी आपलीच आहे. बार्शीच्या चाचणीने स्थानसंश्रयासारख्या अवस्थेतच रोग पकडला. आपण मात्र लक्षण व्यक्त होऊनही केवळ लक्षणावर औषध देत राहिलो, तर त्या दृष्टीचे वारस म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आपल्या भागातील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. धुपणीची तक्रार स्त्री स्वतः उघडपणे सांगत नाही. निंदण-वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून ती तपासणीस येत नाही. घरचे कोणी येऊन मागील बाटली दाखवितात आणि अशोकारिष्ट, पत्रांगासव किंवा पुष्यानुग चूर्ण घेऊन जातात. बरे वाटते, पुन्हा वाढते, पुन्हा बाटली नेली जाते. ही औषधे प्रदरात उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण गर्भाशयमुख एकदाही न पाहता ती सहा-सहा महिने चालू राहिली, तर विषाणूने दिलेल्या दीर्घ अवधीतील अखेरचा मौल्यवान भाग आपण खर्च करीत असतो.

वनस्पती आणि पी-५३ : किती खरे?

हळदीतील कर्क्युमिन हेला पेशींतील विषाणूच्या जनुकांचे कार्य मंदावते, असे २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. अश्वगंधेतील विदाफेरिन-ए बाबतही तशी निरीक्षणे आहेत. परंतु काचपात्रातील पेशीला मिळणारी मात्रा आणि पोटात घेतलेल्या हळदीतून गर्भाशयमुखापर्यंत पोहोचणारी मात्रा यांत फार अंतर आहे. कर्क्युमिनचे शोषण अल्पच होते.

याहून बोधप्रद आहे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीय चिकित्सा-चाचणी. विषाणू असलेल्या पण तीव्र दोष नसलेल्या स्त्रियांत कर्क्युमिन, आमलकी, अरिष्टक व कुमारी यांपासून केलेले 'बसंत' हे मलम स्थानिक वापरासाठी दिले, तेव्हा सुमारे ८८ टक्के स्त्रियांत विषाणू नाहीसा झाला. हा आकडा आनंददायक वाटतो. पण ज्यांना औषधविरहित पदार्थ दिला त्यांच्यातही तो सुमारे ७३ टक्के स्त्रियांत नाहीसा झाला होता. दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला, म्हणून संशोधन पुढे जावयास हवे. परंतु तुलनेचा गट नसता तर संपूर्ण श्रेय औषधाला गेले असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या दहा रुग्णांचा अनुभव सांगताना यांतील सात जणी औषधाविनाही बऱ्या झाल्या असत्या का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि हे सर्व संसर्गाविषयी आहे. प्रकट झालेल्या कर्करोगावर वनौषधीने मात केल्याचा असा पुरावा नाही.

औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. त्यामुळे कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. जनुकाची भाषा वापरल्याने त्यातून सुटका होत नाही.

आपण काय करू शकतो?

१. पुढील लक्षणे असलेल्या स्त्रीस गर्भाशयमुखाची यंत्राने पाहणी झाल्याशिवाय औषधाची पुनरावृत्ती करू नये : संबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, पाळी गेल्यानंतर पुन्हा विटाळ दिसणे, दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित पाणी जाणे, ओटीपोट-कंबर यांचे न हटणारे दुखणे किंवा एका पायास सूज.

२. प्रारंभीच्या अवस्थेत कोणतेही लक्षण नसते. म्हणून तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीस, ती कोणत्याही तक्रारीसाठी आलेली असो, चाचणी झाली आहे का हे विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार एचपीव्ही चाचणी तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी पुरेशी असते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्लाने पाहणी सांगितली आहे.

३. स्त्रीरोगाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या वैद्यभगिनींनी या पाहणीचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. जेथे स्त्रीवैद्य नाही तेथे अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि निदान झालेल्यांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, येथे चिठ्ठी देऊन पाठवावे आणि ती खरोखर पोहोचली का याची चौकशी करावी.

४. विक्रेत्यांनी प्रदरावरील औषधाची तिसरी बाटली देण्यापूर्वी 'तपासणी केली का' एवढे विचारावे.

५. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या पालकांना लसीविषयी माहिती द्यावी. लस झालेल्या मुलीसही तिशीनंतर चाचणी आवश्यक आहे, हेही सांगावे.

६. किरणोपचार वा शस्त्रक्रिया चालू असलेल्या रुग्णेस बल, अग्नी व मनःस्थिती सांभाळण्यासाठी आपली चिकित्सा तिच्या तज्ज्ञांना कळवून द्यावी. मूळ उपचाराच्या जागी नव्हे.

ई-६ च्या तावडीतून पी-५३ सोडविणारा उपचार एक दिवस अकोल्यापर्यंतही येईल, असा आमचा विश्वास आहे. तो येईपर्यंत विषाणूचा संसर्ग आणि कर्करोग यांच्यामधील पंधरा-वीस वर्षे आपल्या हाती आहेत. त्या वर्षांत स्त्री एकदा तरी आपल्या दारावरून जाते. त्या वेळी तिला योग्य प्रश्न विचारला जावा आणि तिची तपासणी व्हावी, एवढीच सर्व व्यवसायबंधू-भगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे.